सैनिकाचा शीण आणि शिधा

लढायांचे इतिहास वाचतांना एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. कोणत्या सरदारानें कोणती फळी फोडली, तोफा कोठून डागल्या, घोडदळ कोणत्या बाजूनें घुसलें, ह्यांचा तपशील इतिहासकार बारकाईनें देतात. पण त्या दिवशीं सकाळीं शिपायांनीं काय खाल्लें होतें, हें बहुधा कोणी सांगत नाहीं. पानिपतासारखा एखादाच प्रसंग असा असतो कीं, तेथें उपासाचा उल्लेख टाळतां येत नाहीं. १७६० च्या डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेचे मार्ग तुटले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं मराठ्यांची फौज भुकेलेल्या पोटीं मैदानांत उतरली, ही गोष्ट मराठी माणूस विसरलेला नाहीं. परंतु ही आठवण हळहळीच्या रूपानें राहिली. त्या भुकेचें माप कोणीं घेतलें नाहीं, आणि त्या काळीं तें घेणें शक्यही नव्हतें.

माप घेण्याची विद्या पुढच्या दोनशें वर्षांत सिद्ध झाली, आणि तिचा बराच मोठा भाग शिपायांच्याच अंगावर सिद्ध झाला. ह्याचें कारण उघड आहे. शेतकरी किंवा हमाल किती खातो आणि किती राबतो, ह्याची नोंद ठेवणें कठीण. पण छावणींतील रंगरूट बिगुलाच्या इशाऱ्यावर उठतो, ठरलेल्या वेळीं कवायत करतो, ठरलेलें ओझें वाहतो आणि मोजून दिलेला शिधा खातो. रणांगणावर तराजू घेऊन कोणी हिंडूं शकत नाहीं. शिक्षणाच्या छावणींत तें करतां येतें. शिवाय कडक सैनिकी शिक्षणांतील श्रम लढाईंतील श्रमांहून कमी असतात असेंही नाहीं. ह्या लेखांत त्या विद्येची हकीकत थोडक्यांत सांगावयाची आहे. आणि तिच्या ओघानें एका जुन्या प्रश्नाचा विचारही करावयाचा आहे. शिपाई कणखर व्हावा म्हणून त्याला उपाशी ठेवावें काय, हा तो प्रश्न होय.

ह्या विद्येचा आरंभ फ्रान्समध्यें झाला. अन्न शरीरांत गेल्यावर त्याचें जें होतें, तें चुलींतील लांकडासारखें मंद ज्वलनच होय, हें लाव्हाझिए ह्या रसायनशास्त्रज्ञानें दाखविलें. १७८९-९० च्या सुमारास सेग्वँ नांवाच्या आपल्या सहकाऱ्याला त्यानें तोंडाला मुखवटा बांधून बसविलें, पायानें वजन उचलावयास लाविलें, आणि तो किती प्राणवायु ओढून घेतो हें मोजलें. स्वस्थ बसलेल्या माणसास जितका प्राणवायु लागतो त्याच्या अडीच पटींहूनही अधिक ह्या श्रमांत लागतो, असें आढळलें. येथें लाव्हाझिएच्या मनांत जो विचार आला तो शास्त्रज्ञाइतकाच सहृदय माणसाचा होता. मजुराच्या अंगांतील इंधन अधिक जळतें, म्हणून त्याला अन्नही अधिक हवें. पण जगांत तर आळशी श्रीमंताच्या ताटांत अधिक पडतें आणि कष्टकऱ्याच्या ताटांत कमी. हा उलटा न्याय सुधारावा अशी इच्छा त्यानें आपल्या निबंधांत व्यक्त केली. पुढें ८ मे १७९४ रोजीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्याचाच शिरच्छेद झाला. तथापि त्यानें मांडलेला प्रश्न मागें राहिला: श्रम पाहून अन्न द्यावयाचें, कीं पायरी पाहून?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनींत लीबिख ह्याच्या मताचा मोठा दबदबा होता. स्नायू काम करतात तेव्हां ते स्वतःच झिजतात, आणि ही झीज केवळ प्रथिनांनीं भरून निघते, असें त्याचें म्हणणें. हें खरें मानल्यास शिपायाला मांस जितकें द्यावें तितकें थोडेंच. ह्या मताची परीक्षा १८६५ सालीं फिक आणि व्हिस्लिसेनस ह्या दोघांनीं मोठ्या गमतीदार रीतीनें केली. त्यांनीं अगोदर केवळ पिष्ट, चरबी आणि साखर ह्यांचेंच अन्न घेतलें, आणि स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हा डोंगर चढून गेले. चढ सुमारे दोन हजार मीटरांचा होता. वाटेंतील सर्व मूत्र त्यांनीं जपून ठेवलें आणि त्यांतील नत्रावरून शरीरांत किती प्रथिन जळलें तें काढलें. एवढ्याशा प्रथिनांतून दोन देह इतक्या उंचीवर जाणें शक्यच नव्हतें! अर्थात् चढण्याचें बळ पिष्टांतून आणि स्निग्ध पदार्थांतून आलें असलें पाहिजे. इंग्लंडमध्यें नेटली येथील लष्करी वैद्यकशाळेंतील प्राध्यापक पार्क्स ह्यानें १८६७ च्या सुमारास शिपायांवर अशाच जातीचे प्रयोग केले. विश्रांतीच्या दिवशीं आणि लांब चालीच्या दिवशीं त्यांच्या शरीरांतून बाहेर पडणारें नत्र त्यानें मोजलें, आणि लीबिखचें मत टिकण्यासारखें नाहीं हें त्यालाही दिसून आलें. भाकरी आणि गूळ ह्यांवर दिवसभर नांगर धरणाऱ्या आपल्याकडील कुणब्यास ही गोष्ट अनुभवानें ठाऊक होतीच. शास्त्राला ती डोंगर चढून शोधावी लागली.

ह्यानंतर अन्नाचें मोल आंकड्यांत सांगण्याची पद्धति रूढ झाली. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास जितकी उष्णता लागते तो एक उष्मांक. एक ग्रॅम प्रथिनापासून किंवा पिष्टापासून शरीरास सुमारे ४ उष्मांक मिळतात, आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९. म्युनिकच्या फॉइट ह्यानें मध्यम श्रमाच्या कामकऱ्यास रोज ११८ ग्रॅम प्रथिनें, ५६ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ५०० ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात असें ठरविलें. म्हणजे ३,००० उष्मांकांच्या थोडें वर. शिपायाला शांततेच्या काळीं किती, कवायतीच्या मोहिमेंत किती आणि युद्धांत किती, ह्याचीं कोष्टकें यूरोपांतील लष्करी खातीं करूं लागलीं. शिधा हा तोंवर रिवाजाचा आणि बाजारभावाचा विषय होता. आतां तो गणिताचा विषय झाला.

परंतु शिध्याचें गणित म्हणजे अर्धेंच गणित. जमेची बाजू कळली तरी खर्चाची बाजू कळावयास हवी. ती कळावी म्हणून बर्लिन येथें त्सुन्ट्स आणि शूम्बुर्ग ह्या दोघांनीं १८९० नंतरच्या दशकांत जे प्रयोग केले ते ह्या विद्येंत आधारभूत मानले जातात. लष्करी वैद्यकाचे पांच विद्यार्थी त्यांनीं निवडले. त्यांना पूर्ण सैनिकी सरंजाम चढवून सुमारे २५ किलोमीटरांच्या मजला चालावयास लाविलें. ओझें कधीं २२ किलो, कधीं २७, तर कधीं ३१. श्वासांतील हवा मोजण्याचें एक यंत्र पाठीवर वाहून नेतां येईल असें बनविलें होतें. चालीपूर्वीं आणि चालीनंतर नाडी, श्वास, वजन आणि रक्त ह्यांची तपासणी होई. हा सगळा वृत्तान्त १९०१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. त्याचा सारांश असा: हवा फार उष्ण नसल्यास २२ किलो ओझ्याचा शरीरावर वाईट परिणाम राहत नाहीं, २७ किलो थंड दिवशीं सोसतें, पण ३१ किलो ओझें शरीराला बाधतें, आणि तें वारंवार वाहूनही शरीर त्याला सरावत नाहीं. संवयीनें सर्व कांहीं साधतें ही सेनाधिकाऱ्यांची आवडती समजूत. तिला येथें पहिल्यानेंच एक निश्चित सीमा दिसली.

ह्या सीमेचें कारण समजण्यास कठीण नाहीं. स्नायूंत जी शक्ति खर्च होते तिचा फार तर पाव भाग प्रत्यक्ष कामाला लागतो. बाकीची सर्व उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठीं घाम यावा लागतो, घामासाठीं पाणी लागतें, आणि पाणी कमी पडलें कीं रक्त दाट होऊन हृदयावर भार पडतो. शिपाई जितका अधिक राबेल तितका तो आंतून अधिक तापतो. खर्च केवळ अंतरावर अवलंबून नसतो. स्वतःचें वजन, ओझें, वेग, चढ आणि पायांखालची जमीन, ह्या पांचांचा तो हिशेब आहे. १९७७ सालीं अमेरिकन लष्कराच्या संशोधकांनीं ह्या पांचांचें एक समीकरणच मांडलें. त्यांत डांबरी रस्त्याच्या मानानें मोकळ्या वाळूंतील चाल दुपटीच्या घरांत महाग धरली आहे, आणि दलदलींतील चालही तिच्याहून फारशी स्वस्त नाहीं. कोंकणच्या पुळणीवरून ओझें घेऊन चाललेल्या कोणासही हा आंकडा अतिशयोक्तीचा वाटणार नाहीं.

बर्लिनच्या ग्रंथानंतर पंधरा वर्षांच्या आंत पहिलें महायुद्ध पेटलें, आणि ह्या विद्येकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें ह्याचा धडा मेसोपोटेमियांत मिळाला. तो धडा मराठी वाचकास परका नाहीं. जनरल टाउनशेंड ह्याच्या हाताखालीं जें सैन्य तैग्रिस नदीच्या कांठीं कुत-एल्-अमारा येथें कोंडलें गेलें तें सहावें पुणें डिव्हिजन होय, आणि त्यांत १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला. एकाच गांवांत, एकाच शत्रूपुढें, दोन जातींचे शिधे खाणारे शिपाई होते, आणि दोघांना दोन निरनिराळे रोग झाले. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याची रोटी मिळे. कोंडा काढलेल्या त्या पिठांत ब हें जीवनसत्त्व नसल्यामुळें त्यांच्यांत बेरीबेरी दिसूं लागली, आणि मैदा संपून आटा व जवाचें पीठ खाण्याची पाळी आली तेव्हां ती आटोक्यांत आली. हिंदी शिपायांना आटा मिळत असल्यामुळें बेरीबेरीनें गांठलें नाहीं. पण भाज्या संपल्या होत्या, आणि ताजें मांस म्हणजे घोड्याचें मांस. तें धर्मास आणि जातीस धरून नाहीं म्हणून बहुतेकांनीं नाकारलें. त्यांच्यांत स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा फुटल्या. हिंदुस्थानांतील धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागविण्यांत आले. तरी मांस खाणाऱ्यांची संख्या वाढली ती अगदीं शेवटीं शेवटीं. एप्रिलांत विमानांतून पिठाचीं पोतीं टाकण्यांत आलीं. पण हजारों माणसांच्या पोटाला तीं कोठवर पुरणार?

कुतच्या शिपायांस दोष देणें सोपें आहे; पण त्यांच्या बाबतींत दुसरी एक गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. हिंदी शिपाई शांततेच्या काळीं आपल्या पगारांतूनच पोट भरीत असे. घरीं मनिऑर्डर पाठवावयाची असल्यामुळें त्याची काटकसर आधीं स्वतःच्या ताटांत सुरू होई. त्याला मोफत शिधा मिळूं लागला तो १९१७ सालीं, म्हणजे महायुद्ध निम्म्याहून अधिक उलटल्यावर. गोऱ्या शिपायाचा शिधा शास्त्राच्या कोष्टकावरून ठरे आणि काळ्या शिपायाचा त्याच्या बायकामुलांच्या गरजेवरून. लाव्हाझिएनें सव्वाशें वर्षांपूर्वीं पाहिलेला उलटा न्याय तो हाच.

ह्याच युद्धांत इंग्लंडमध्यें दुसरें एक महत्त्वाचें काम चाललें होतें. ऑक्सफर्डच्या डग्लस ह्यानें १९११ सालीं एक साधी युक्ति काढली होती. रबरी कापडाची एक मोठी पिशवी पाठीवर बांधावयाची आणि माणूस काम करीत असतां त्याचा उच्छ्वास तींत भरून घ्यावयाचा. नंतर त्या हवेचें पृथक्करण केलें कीं, खर्च झालेले उष्मांक काढतां येतात. कॅथकार्ट आणि जॉन बॉइड ऑर ह्या दोघांनीं ही पिशवी रंगरूटांच्या पाठीवर चढविली. कवायत, कूच, खंदक खणणें, अशा एकेका कामाचा खर्च त्यांनीं वेगळा काढला, दिवसाचा किती वेळ कोणत्या कामांत जातो तें टिपलें, आणि दोहोंच्या मेळानें रंगरूटाच्या दिवसाचा जमाखर्च मांडला. १९१९ सालीं तो प्रसिद्ध झाला. शिक्षण घेणाऱ्या पायदळ शिपायाचा खर्च बैठ्या माणसाच्या खर्चाहून पुष्कळच अधिक आहे, आणि तो पोरसवदा असेल तर अंग वाढण्यासाठींही त्याला वेगळें अन्न हवें, हा त्यांतील मथितार्थ. नवशिक्या पोराला मुरलेल्या शिपायाहून कमी देण्याची प्रवृत्ति सर्व सैन्यांत असे. ती चूक होती.

ह्या ऑरची पुढील हकीकत सांगण्याजोगी आहे. तो आघाडीवर पलटणीचा डॉक्टर होता. ओसाड पडलेल्या मळ्यांतून भाजी आणवून त्यानें आपल्या शिपायांच्या अन्नाची उणीव भरून काढली होती. रंगरूटाची भूक मोजल्यावर त्याची दृष्टि समाजाकडे वळली. इंग्लंडांतील गरीब कुटुंबांना आपल्या मिळकतींत पुरेसें अन्न घेतांच येत नाहीं, हें त्यानें १९३६ सालीं आंकडे देऊन सिद्ध केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघटनेच्या अन्न व शेती संस्थेचा तो पहिला मुख्य झाला, आणि १९४९ सालीं त्याला शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. शिपायाच्या पाठीवरील पिशवीपासून निघालेला हा रस्ता जगाच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला.

आपल्याकडे हें काम मॅकॅरिसन ह्या लष्करी डॉक्टरानें निलगिरींतील कुन्नूर येथें केलें. हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांचें नेहमींचें अन्न त्यानें उंदरांच्या निरनिराळ्या गटांस खाऊं घातलें आणि त्यांची वाढ पाहिली. गव्हाची पोळी, दूध, तूप, डाळ आणि भाज्या हें शिखांचें अन्न पहिलें ठरलें, त्यानंतर पठाणांचें, आणि तिसरें मराठ्यांचें. शेवटचा क्रमांक मद्रासेकडील तांदुळप्रधान अन्नाचा लागला. इंग्रज अधिकारी लढाऊ जाति आणि बिनलढाऊ जाति अशी जी विभागणी करीत असत, तिच्यांतील कितीसा भाग रक्ताचा आणि कितीसा ताटाचा, अशी शंका ह्या उंदरांनीं उत्पन्न केली. कुळाचा अभिमान बाळगणाऱ्यांस ती रुचली नसेल; परंतु ती विचार करण्याजोगी होती हें मान्य केलें पाहिजे.

भूक आणि श्रम ह्यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाहीं, हें १९५५ सालीं एड्होल्म आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं लष्करी छात्रांवर केलेल्या पाहणींत दिसून आलें. एखाद्या छात्रानें त्या दिवशीं किती श्रम केले आणि त्याच दिवशीं किती खाल्लें, ह्यांचा मेळ मुळींच बसला नाहीं. मेळ बसला तो दोन दिवसांनंतरच्या खाण्याशीं. श्रमाचें देणें शरीर त्याच दिवशीं मागत नाहीं; तें उधारीनें चालतें आणि मागाहून वसुली करतें. ह्यावरून व्यवहाराची एक गोष्ट निघते. केवळ भुकेवर विसंबून शिध्याचें प्रमाण ठरवितां येत नाहीं. अतिशय दमलेला शिपाई जेवण पुढें आलें तरी पुरेसें खात नाहीं. आणि हिमालयाच्या उंचीवर तर हवा विरळ असल्यामुळें खर्च वाढलेला असतांना भूकच मरते. म्हैसूर येथें १९६१ सालीं संरक्षण खात्याची अन्नसंशोधनाची प्रयोगशाळा निघाली; हलकें, टिकाऊ आणि तोंडाला रुचेल असें अन्न अशा सैनिकांपर्यंत पोंचविणें हा तिच्या कार्याचा एक मुख्य भाग राहिला आहे.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या अँसेल कीज ह्यानें छत्रीधारी सैनिकांसाठीं खिशांत मावेल असा एक शिधा योजला. त्याला ‘के’ शिधा म्हणत. दिवसाच्या तीन पुड्यांत मिळून सुमारे तीन हजार उष्मांक. योजना थोड्या दिवसांपुरती होती. पण सोयीची वस्तु हातीं आल्यावर तिच्या मर्यादा कोण पाहतो? १९४४ सालीं ब्रह्मदेशाच्या अरण्यांत शिरलेल्या चिंडिट आणि अमेरिकन तुकड्यांना आठवड्यांमागून आठवडे मुख्यतः ह्याच शिध्यावर काढावे लागले, आणि ते हाडांचे सांपळे होऊन परतले. त्याच कीजनें १९४४-४५ सालीं मिनेसोटा येथें उपासमारीचा प्रसिद्ध प्रयोग केला. युद्धांत शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीनें नकार देणारे ३६ तरुण त्यासाठीं स्वखुषीनें पुढें आले. चोवीस आठवडे त्यांना पोटभर अन्नाच्या सुमारे निम्मेंच अन्न देण्यांत आलें, आणि आठवड्यास बावीस मैल चालावयास लाविलें. वजन चतुर्थांशानें घटलें. पण त्याहून लक्षांत राहण्यासारखें होतें तें त्यांचें मन. ते चिडखोर झाले, एकलकोंडे झाले, आणि त्यांच्यापैकीं कित्येक तर पाकशास्त्राचीं पुस्तकें घेऊन बसूं लागले. भूक प्रथम पोटांत असते. पुढें ती डोक्यांत जाऊन बसते.

आतां आपण मूळ प्रश्नाकडे वळूं. सैनिकाला भुकेची संवय लावणें हा शिक्षणाचा भाग असावा काय? ह्याचें उत्तर देण्यास योग्य असें साधन विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत हातीं आलें. पिशवी पाठीवर बांधून दलदलींत रात्रंदिवस हिंडतां येत नाहीं. त्याऐवजीं माणसाला एक विशेष पाणी पाजावयाचें, ज्यांतील हायड्रोजन आणि प्राणवायु ह्यांचे कांहीं परमाणु नेहमींपेक्षां जड असतात, परंतु निरुपद्रवी असतात. जड हायड्रोजन केवळ पाण्याच्या रूपानें शरीराबाहेर पडतो. जड प्राणवायु पाण्याच्या रूपानें आणि उच्छ्वासांतील कार्बन डायऑक्साइडच्या रूपानें, असा दोन वाटांनीं पडतो. दोघांच्या घटण्यांतील फरक मूत्राच्या नमुन्यांवरून काढला कीं, माणसानें एकंदर किती इंधन जाळलें तें कळतें. ही युक्ति लिफ्सन ह्यानें प्राण्यांसाठीं १९५० नंतर काढली, आणि १९८२ पासून ती माणसांवर वापरतां येऊं लागली. आतां शिपायाच्या कामांत यत्किंचितही अडथळा न आणतां त्याचा खर्च मोजतां येई.

ह्या पद्धतीनें १९९१ सालीं अमेरिकन सैन्यांतील ‘रेंजर’ शिक्षणाची परीक्षा झाली. हा अभ्यासक्रम सुमारे दोन महिन्यांचा. अरण्य, वाळवंट, डोंगर आणि दलदल अशा चार टप्प्यांतून त्या वेळीं शिकाऊ सैनिक नेले जात. झोंप रात्रीस चार तासांहूनही कमी, आणि कित्येक दिवस अन्न मुद्दाम अपुरें. रोजचा खर्च सरासरीनें ४,००० उष्मांकांच्या आसपास आढळला. जमा त्याहून हजारांवर कमी. दोन महिन्यांच्या अखेरीस सरासरीनें शेंकडा १६ च्या आसपास वजन गेलें होतें, म्हणजे दरडोई बारा किलोंच्या सुमारास. आरंभीं अंगांत शेंकडा पंधराच्या जवळपास असलेली चरबी शेंकडा सहावर आली. याच्या खालीं निरोगी शरीर सहसा जात नाहीं. गेलेलें सगळें वजन चरबीचेंही नव्हतें. त्यांत स्नायूंचा मोठा वाटा होता. वजन उचलण्याची शक्ति सुमारे एक पंचमांशानें उणावली. पुरुषत्वाचा द्योतक असा जो रक्तांतील टेस्टोस्टेरॉन नांवाचा अंतःस्राव, तो फारच खालीं गेला. नॉर्वेच्या सैन्यांतील अशाच शिक्षणांत, तेथें तर आठवडाभर झोंप आणि अन्न जवळजवळ बंद असे, हीच गोष्ट पूर्वीं दिसली होती. रोगांशीं झगडण्याची रक्तपेशींची शक्ति मंदावली. आरंभीं ज्यांच्या अंगीं चरबीचा सांठा बरा होता, त्यांचे स्नायू तुलनेनें कमी झिजले. ज्यांना आपण सडपातळ आणि काटक म्हणतों त्यांनाच झीज अधिक लागली.

पुढल्या वर्षीं, १९९२ सालीं, त्याच शिक्षणांत अन्न थोडेंसें वाढवून पाहिलें. वाढ अशी फार नव्हती. दिवसाकाठीं सुमारे ४०० उष्मांकांची. पण घट शेंकडा १६ वरून शेंकडा १३ च्या आसपास आली, आणि रोगप्रतिकाराची शक्तिही अधिक टिकली. शिक्षण तितकेंच कडक राहिलें; नापास होणारे नापास झालेच. दोन भाकऱ्यांच्या मोलाइतक्या अन्नानें एवढा फरक पडतो, ही गोष्ट कोणत्याही अधिकाऱ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

ह्या आंकड्यांचा अर्थ काय? भुकेनें शरीर कणखर होतें ही समजूत त्यांत टिकत नाहीं. भुकेलें शरीर काटकसरी होतें. अंतःस्राव कमी करतें, उष्णता कमी उत्पन्न करतें, मोठ्या स्नायूंना मोडून त्यांचें इंधन करतें. हा जगण्याचा मार्ग आहे, बळ वाढविण्याचा नाहीं. आणि शिक्षण संपल्यावर पोटभर अन्न मिळूं लागलें कीं, आठवड्यांच्या आंत वजन परत येतें. पण पहिल्यानें आणि सर्वांत जास्त परत येते ती चरबी. घालवलेलें लवकर परत येतें म्हणून कांहीं गेलेंच नव्हतें असें समजणें भ्रम होय.

मग रेंजरांचे शिक्षक चुकले काय? तसेंही सरसकट म्हणतां येत नाहीं. त्यांचा हेतु शरीर घडविण्याचा नसून, झोंप नसतांना आणि पोट रिकामें असतांना माणूस दुसऱ्यांवर अधिकार कसा चालवितो हें पाहण्याचा असतो. युद्धांत अशी वेळ येणारच. ती प्रथमच युद्धांत येण्यापेक्षां एकदां शिक्षकांच्या नजरेखालीं आलेली बरी. ह्यांत तथ्य आहे. परंतु परीक्षा आणि हयगय ह्यांत जें अंतर आहे तें येथेंच शोधलें पाहिजे. परीक्षेची मुदत ठरलेली असते, तिचें माप कोणी तरी घेत असतो, आणि ती कोठें थांबवावयाची हें आधीं ठरलेलें असतें. कुत येथील मराठा शिपायाची भूक परीक्षा नव्हती, ब्रह्मदेशांतील चिंडिटाची नव्हती, पानिपतावरचीही नव्हती. तेथें अन्न कमी पडलें तें कोणी तरी आधीं हिशेब केला नव्हता म्हणून. दोन्ही भुका सोसतांना शिपायास सारख्याच वाटत असतील. पण देणाऱ्याच्या जबाबदारीच्या दृष्टीनें त्या सारख्या नाहींत. जो अधिकारी आपल्या बेहिशेबीपणाला कडक शिक्षणाचें नांव देतो तो शिपायास आणि शिक्षणास, दोहोंस फसवितो.

दोनशें वर्षांचें हें शास्त्र शेवटीं जें सांगतें तें घरांतील वडीलधाऱ्या बाईस पूर्वींपासून ठाऊक होतें. राबून आलेल्याला आधीं वाढावें. शास्त्रानें त्यांत माप घातलें, आणि माप असल्यामुळें सबबी कमी झाल्या. शिपायाचा शिधा हा त्याच्या शौर्याचें बक्षीस नव्हे, किंवा सरकारची मेहेरबानीही नव्हे. त्याच्याकडून जितके श्रम घ्यावयाचे तितकें अन्न त्याला देणें हा सरळ व्यवहार आहे. आणि हाच व्यवहार ज्याच्याशीं कधीं कोणीं लेखी केला नाहीं, त्या खाणींतील, शेतांतील आणि रस्त्यावरील कामकऱ्याचें काय, हें लाव्हाझिएनें विचारलेलें कोडें मात्र सोडविण्यास अद्याप उरलेलेंच आहे. रंगरूटाची पिशवी पाठीवर घेऊन ऑर त्याच दिशेनें निघाला होता. त्या रस्त्यानें आणखी बरेंच चालावयाचें आहे.